नुक्ता दिलेला राजीनामा

सुचेताच्या बाबांनी भोपाळमधल्या तीस वर्षांच्या नोकरीत दोन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. भोंगा वाजून गेल्यावर कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि कुणी काही विचारलं तर "पता नहीं" असं उत्तर दिलं नव्हतं. कुठला पाना कुठल्या कपाटात, कुठल्या यंत्राला तेल कधी घातलं, कुणाच्या साडूची बदली कुठे झाली, सगळं फोरमन देवस्थळेंना विचारावं. नसलंच माहीत, तर ते "देखकर बताता हूँ" म्हणायचे आणि खरोखरच बघून येऊन सांगायचे. कधीकधी तर विचारणारा विसरून गेल्यावर, भर रस्त्यात त्याच्यापुढे स्कूटर आडवी घालून.

अशा माणसाच्या चोवीस वर्षांच्या मुलीने एका शनिवारी दुपारी, वरणावर तूप घेता घेता सांगितलं की तिने आज कारखान्यात राजीनामा दिलाय.

बाबांचा घास हातातच राहिला. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "पुढे काय?"

"माहीत नाही," सुचेता म्हणाली.

नोकरी सोडली हे एक वेळ त्यांनी पचवलं असतं. दुसरी धरली असेल, बँकेची परीक्षा असेल, नागपूरला मामाच्या ओळखीने काही असेल, असं त्यांच्या डोक्यात भराभर येऊन गेलंही होतं. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्या घरात, त्यांच्या ताटासमोर, त्यांच्याच मुलीने उच्चारावेत! ते उठले, हात धुतले आणि त्या दिवसापासून सुचेताशी बोलायचे बंद झाले.

आई, म्हणजे प्रमिलाबाई, सुचेताकडे बघून म्हणाली, "बरं. भात घेतेस का?"

बाबांचा अबोला शिस्तीचा होता. सुचेता समोर बसलेली असली तरी ते आईला म्हणत, "तिला विचार, गॅसचा नंबर लावला का." सुचेता आईला सांगे, "लावला." आई बाबांकडे वळून म्हणे, "लावला म्हणतेय." दोन दिवस आईने ही हमाली मुकाट्याने केली. तिसऱ्या दिवसापासून ती निरोपात पदरचं घालायला लागली. "बाबा म्हणताहेत, छत्री आत घे. आणि आईच्या चष्म्याची काडी किती दिवस दोऱ्याने बांधून ठेवणार, असंही विचारताहेत." बाबा पेपरच्या आडून घसा खाकरायचे, पण नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. चौथ्या दिवशी चष्म्याला नवी काडी आली.

आता, सुचेताने नोकरी का सोडली, हे विचाराल तर सांगण्यासारखं कारण तिच्याजवळ नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. नोकरी वाईट नव्हती. ती ट्रेसर होती. इंजिनियर लोक पेन्सिलीने यंत्रांचे नकाशे काढत, ते पारदर्शक कागदाखाली ठेवून वरून शाईने उतरवायचे, एवढंच काम. हात तिचा इतका साफ होता की साहेब लोक मुद्दाम तिच्याकडे कागद पाठवत. कँटीनमध्ये पोहे गरम मिळत. बसने जाणं, बसने येणं. शेजारच्या टेबलावर नलिनी होती. ती इंदूरकडची, मनाने लोण्यासारखी, आपल्या डब्यातली लोणच्याची फोड न विचारता दुसऱ्याच्या डब्यात टाकणारी. सुखात काही म्हणता काही खुपत नव्हतं.

पण ऑगस्टच्या शेवटी भिंतीवर दरवर्षीसारखी सिनिऑरिटीची यादी लागली. नाव, जन्मतारीख, नोकरीत लागल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात सेवानिवृत्तीची तारीख. चार वर्षं ती यादी लागत होती. या वर्षी नलिनीने बोटाने ओळ धरून वाचली आणि टाळी वाजवली.

"अगं सुचेता, आपली दोघींची एकच तारीख! एकतीस ऑगस्ट दोन हजार चोवीस. एकच पार्टी होणार बघ आपली. एकाच जीपमधून घरी सोडतील."

नलिनीला खरोखर आनंद झाला होता. सुचेताही हसली. मग ती नळावर बोटांची शाई धुवायला गेली, आणि धुऊन झाल्यावरही नळ चालूच राहिला.

ती पार्टी तिला लख्ख दिसली. झेंडूचा हार, शाल, समोसा, आणि ज्याला उद्यापासून कुठेच जायचं नाही अशा माणसाला भेट म्हणून द्यायची ती ब्रीफकेस. कारखान्याच्या प्रत्येक नकाशात उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याची सही, तारीख. तिच्या नकाशाची ती चौकट कुणीतरी आधीच भरून ठेवली होती. वरचं चित्रही पेन्सिलीने काढून तयार होतं. तिने फक्त चौतीस वर्षं गिरवायचं होतं, हात न हलू देता. तिला रडू आलं नाही. उलट पोटात, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर होतं तसं काहीतरी हललं. भीतीही म्हणवेना, गंमतही म्हणवेना.

पंधरा दिवस तिने ते तसंच हलू दिलं आणि मग अर्ज लिहायला घेतला.

सप्टेंबरचा मधला काळ म्हणजे कारखान्यात हिंदी पखवाडा. पंधरा दिवस इंग्रजीतला कागद कुणी घेत नसे. बाईंडिंगच्या दोऱ्याची मागणीसुद्धा हिंदीत करायची. जन्म भोपाळचा असल्याने सुचेताला हिंदीचं भय नव्हतं. भाजीवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी, नलिनीच्या सासूशी ती खडाखडा बोले. पण अर्ज हे प्रकरण वेगळं. विषयाच्या ओळीवर ती अडली. 'इस्तीफ़ा' हा शब्द तिला माहीत होता, पण तो मंत्र्यांचा. रेडिओवर मंत्री इस्तीफ़ा देत, दुसऱ्या दिवशी परत घेत. ट्रेसरने कसला इस्तीफ़ा द्यायचा? तिच्याएवढ्या माणसाला साजेसा साधा शब्द हवा. कारखान्यात कुणी नोकरी सोडल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सोडताना काय म्हणतात हेही कानावरून गेलेलं नव्हतं. शेवटी तिने घरातलाच शब्द घेतला आणि हिंदी वाटावा म्हणून ज खाली नुक्त्याचं टिंब दिलं. मग लिहिलं:

"विषय: राज़ीनामा। महोदय, मैं अपनी ख़ुशी से, बिना किसी दबाव के, सोच-समझकर राज़ीनामा दे रही हूँ। कृपया मंज़ूर करें।"

'सोच-समझकर' तेवढं खोटं होतं. पण लिहिल्यावर बरं दिसलं.

त्याच आठवड्यात आणखी एक परिपत्रक टेबलाटेबलावरून फिरलं होतं. सुचेताने ते न वाचताच 'पढ़ा' म्हणून सही करून पुढे ढकललं होतं. नोकरी सोडणाऱ्याने परिपत्रकं कशाला वाचावीत?

कार्मिक विभागात कुरैशीबाबू बसत. जुन्या भोपाळातले, पांढऱ्या दाढीचे, पानाचा डबा कागदांच्या ढिगावर ठेवणारे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माशाअल्लाह. साहब लोग ख़ुश हो जाएँगे।"

साहेब लोक आपल्या जाण्याने खूश होतील हे सुचेताला थोडं लागलं. निदान तसं तोंडावर कुणी म्हणणार नाही, अशी तिची समजूत होती.

त्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यातले फार बरे दिवस होते. बाबांचा अबोला होता, पण तोही घरात एखादा पाहुणा उतरावा तसा सवयीचा झाला. मंजुरी येईपर्यंत कामावर जायचंच होतं, पण ती बस सोडून चालत घरी यायला लागली. निलगिरीच्या दोन्ही रांगांमधून, सेक्टरच्या शाळेला वळसा घालून, एकेका क्वार्टरच्या कुंपणातून डोकावत. चोवीस वर्षं ती कारखान्याच्या या वसाहतीत राहत होती आणि सगळी क्वार्टरं एकसारखी आहेत असं समजत होती. आता पाहिलं तर कुणी अंगणात अळू लावलं होतं, कुणी कबुतरांसाठी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं घर केलं होतं, एका सरदारजींनी तर कुंपणावर दुधी चढवून रस्त्यावरच्या लोकांसाठी पाटी लावली होती: 'एक ले जाइए, दो नहीं।' एक दुधी ती घेऊनही आली.

बातमी शहरात तुलसी नगरला पोचली तशी सिंधूआत्या आली. आत्याचे यजमान मंत्रालयात होते, त्यामुळे तिला चौकशीचा सरकारी अधिकार होता. चहा पिऊन झाल्यावर तिने सुचेताला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. कोण आहे?"

"कुणी नाही आत्या."

"कुणी नाही म्हणजे आपल्यातला नाही का?"

"खरंच कुणी नाही."

आत्याने निराशेने उसासा टाकला. मुलगा असता तर, मग तो कसलाही असो, तिला काहीतरी करता आलं असतं. नसलेल्या मुलाला ती काय बोलणार?

आत्या गेल्यावर सुचेता ओट्याशी उभी राहून दुधी किसायला लागली. तिने आईला विचारलं, तुला नाही का काळजी वाटत. आई कणीक मळत होती. 

"मी लग्न होऊन इथे आले तेव्हा भोपाळ नकाशात कुठल्या बाजूला आहे हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुझे बाबा मी एकदा पाहिले होते, तेही पाठमोरे. पुढे काय, असं मला एकाने विचारलं नाही. माहीत नसताना निघाले तर लोकांनी अक्षता टाकल्या. तुझ्यावर रागावतात. कीस जाड येतोय, बारीक कर."

पखवाड्याच्या शेवटच्या दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये बक्षीस समारंभ असे. हजेरी लागे म्हणून सगळे जात. पुढे साहेब, मध्ये बायका, मागे शॉपमधली, म्हणजे यंत्रांवरची मंडळी. बाबा मागे भिंतीशी उभे होते. सरस्वतीच्या फोटोला हार झाला, निबंधाची बक्षिसं झाली, आणि मग हिंदी अधिकारी माइकवर म्हणाले की पत्रलेखनाचा प्रोत्साहन पुरस्कार जातो आहे कुमारी सुचेता देवस्थले यांना.

तिला वाटलं, दुसरी कुणी देवस्थले असेल. नलिनीने कोपराने ढोसलं.

हिंदी अधिकारी मनापासूनचे भले गृहस्थ होते. वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे आणि या पंधरा दिवसांत ते फुलून येत. त्यांनी तिचं पत्र सबंध हॉलला वाचून दाखवलं. 'अपनी ख़ुशी से' वर ते थांबले. 'सोच-समझकर' वर त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, नव्या कंप्यूटर कक्षात जायला अनेकांना भीती वाटते. परिपत्रक निघालं तरी कुणी पुढे येत नव्हतं. अशा वेळी या मुलीने सर्वांत आधी आपली सहमती लेखी कळवली, आणि कशी, तर 'राज़ीनामा'! असा आपल्या मातीतला शब्द. हे सहमतिपत्र सर्वांनी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवावं.

टाळ्या झाल्या. सुचेता मंचावर जाऊन प्रमाणपत्र आणि एक थर्मास घेऊन आली. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की काय झालंय. मराठीत ज्या कागदाने माणूस बाहेर पडतो, हिंदीत त्याच नावाच्या कागदाने तो कबूल होतो. ती नोकरी सोडायला गेली होती आणि नोकरीला नव्याने हो म्हणून आली होती. वर थर्मास.

तिने मागे पाहिलं. बाबांना तिच्याआधी कळलं होतं. शॉपमधली भांडणं मिटवता मिटवता त्यांनी तीस वर्षांत समेटाचे कितीतरी राज़ीनामे लिहिले, लिहवून घेतले होते. ते दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होते.

त्या संध्याकाळी ते जिलबी घेऊन आले आणि तेरा दिवसांनी थेट तिच्याशी बोलले. "सुचेता, गरम आहे तोवर घे." आई ताटलीत जिलबी ठेवता ठेवता दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाबा खुलले होते. कंप्यूटर कक्षात वरची ग्रेड मिळते, वातानुकूलित खोली आहे, उद्या कारखाना सगळा त्याच्यावरच चालणार, हे त्यांनी सांगितलं. त्यांना सगळं माहीत होतं. "कागद चुकला, पण पोचला बरोबर जागी," ते म्हणाले. "कधीकधी देवच टपाल फिरवतो."

सुचेताने अर्धी जिलबी ताटलीत तशीच ठेवली. अबोला सोसवत होता. हा आनंद कसा सोसायचा, ते तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कुरैशीबाबूंच्या टेबलाशी गेली आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी पान थुंकून येण्याइतका वेळ घेतला. परत आले तेव्हा खांदे हलत होते. हसू दाबत होते. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हसू गिळलं.

"बेटी, इस्तीफ़ा अकेला आदमी देता है," ते म्हणाले. "राज़ीनामे में दो लगते हैं। दोनों राज़ी हों, तब नाम राज़ीनामा।"

त्यांनी असंही सांगितलं की त्यांच्या टेबलावर आजवर एकही इस्तीफ़ा आलेला नाही. मृत्यूचा फॉर्म आहे, बदलीचा आहे, निवृत्तीचा आहे. सोडण्याचा छापलेलाच नाही. तेव्हा तिची मर्जी. गप्प राहिली तर काहीच झालेलं नाही, कुणाला कळणार नाही. नसेल राहायचं तर कोऱ्या कागदावर लिहून आणावं. सोमवारपर्यंत ते यादी पुढे सरकवणार नाहीत.

निघताना तिने कंप्यूटर कक्ष पाहून घेतला. उगाच न बघता नाही म्हटलं असं व्हायला नको. दाराबाहेर चपला काढून आत जायचं होतं, देवळासारखं. आत गारवा, निळसर पडदे, मऊ फिरती खुर्ची. तिथल्या साहेबांनी तिला बसवलं आणि पडद्यावर एक रेघ काढून दाखवली. चुकली तर एक बटण दाबायचं, रेघ नाहीशी. ब्लेडने शाई खरवडायला नको. सुचेताला ते आवडलं. खुर्चीत तिने हळूच अर्धी गिरकीही घेतली. छान होतं सगळं. आणि चपला घालताना तिला दिसलं की हे असंच छान राहील, एकतीस ऑगस्ट दोन हजार चोवीसपर्यंत. पोटातला पाळणा थांबला होता. तो थांबलेला तिला आवडला नाही.

रविवारी सकाळी बाबा मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली स्कूटरचा प्लग साफ करत बसले होते. सुचेता पाट घेऊन समोर बसली. तिच्या हातात दोन कागद होते. पहिल्यावर तिने लिहिलं होतं 'विषय: त्यागपत्र', हा शब्द तिने शब्दकोशात बघून घेतला होता. दुसरा कोरा होता.

बाबांनी पहिला कागद वाचला. रागावण्याऐवजी त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, 'कृपया' मधला 'कृ' नीट केला आणि कागद परत दिला. मग प्लग पॉलिशपेपरवर घासत राहिले. हात उगाच जोरात चालत होता.

"तिथे काय वाईट होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काहीच नाही बाबा."

"साहेब काही बोलले?"

"नाही."

"मग?"

यादीचं, तारखेचं, चौकटीचं तिने सांगून पाहिलं. सांगताना तिला स्वतःलाच ते तकलादू वाटलं. बाबांची तारीख दोन वर्षांवर आली होती, आणि ती त्यांनी आनंदाने, भोंग्याच्या आत, एकेक दिवस मोजून गाठली होती. ते तिच्याकडे न बघता ऐकत होते.

"तुम्हाला नाही आवडत, तर तसं सांगा," ती म्हणाली. "पण बोलणं बंद करू नका. आणि जिलबी आणू नका."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. प्लग फडक्यावर ठेवून ते म्हणाले, "मला काय अडचण आहे सांगू? रागाबिगाचं सोड. उद्या फाटकाशी लोक विचारतील. देवस्थळे, बिटिया अब क्या कर रही है? रोज विचारतील. मी काय सांगू?"

म्हणजे एवढंच होतं तर. तेरा दिवसांच्या अबोल्याच्या तळाशी एक माणूस उभा होता ज्याच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सांगा, पता नहीं."

"मी?"

"म्हणून तर बघा."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या अंगणात कुणी नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, जसा ते शॉपमध्ये मोठ्या साहेबांपुढे करत, आणि म्हणाले, "अभी देख रहे हैं, दो-तीन जगह..."

"बाबा, हे खोटं आहे."

"वैसे सोचना चल रहा है, एक-दो महीने में..."

"बाबा."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "अहो, दोनच शब्द आहेत."

बाबांनी मान पेरूच्या झाडाकडे वळवली. मग एकदम, शिंक यावी तसं त्यांच्या तोंडून निघालं, "पता नहीं." आणि ते स्वतःच दचकले. पुन्हा म्हणून पाहिलं, जरा हळू. "पता नहीं." तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी हातही हलवला, बेफिकीर माणसं हलवतात तसा. तो काही त्यांना जमला नाही.

"विचित्र लागतं तोंडाला," ते म्हणाले.

"होईल सवय," सुचेता म्हणाली. "मलाही आधी लागलं."

तेव्हा त्यांना तो दुसरा, कोरा कागद दिसला. हा कशाला, त्यांनी विचारलं. कुरैशीबाबू काय म्हणाले ते तिने सांगितलं: इस्तीफ़ा एकाचा असतो, राज़ीनामा दोघांचा. पहिला ती ऑफिसात देणार होती. हा घरातला.

असल्या बाबतीत बाबांना थट्टा कळत नसे, आणि ते बरंच झालं. त्यांनी हात धुतले, चष्मा मागवला, कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि आपल्या ठसठशीत अक्षरात, शॉपमधल्या दोन भांडखोरांचा समेट लिहावा तसा मजकूर लिहिला. दोन्ही पक्ष समजून-उमजून राजी आहेत. पक्ष पहिला यास पुढचे ठाऊक नाही. पक्ष दुसरा याने दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा विचारू नये. शेवटचं कलम आईने खिडकीतून घालायला लावलं: निरोप पोचवण्याचे काम तिसऱ्या पक्षाकडे राहणार नाही. मग त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पेन सुचेताकडे दिलं. सही करताना तिचा हात हलला. चार वर्षांत कधी हलला नव्हता. शाईचा ठिपका पडला, नेमका 'राजी'तल्या ज खाली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "चालतो तिथे."

सोमवारी कुरैशीबाबूंनी त्यागपत्र घेतलं, छापील फॉर्म नाही म्हणून बदलीच्या फॉर्मवरचा 'बदली' हा शब्द खोडला आणि 'कुठे' या रकान्यापाशी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. सुचेताने खांदे उडवले. त्यांनी तिथे एक छोटी आडवी रेघ मारली. नलिनी रडली, आणि रडता रडता म्हणाली की दोन हजार चोवीसच्या पार्टीला तरी ये, जीपमध्ये जागा ठेवते. सुचेताने येईन म्हटलं, आणि ते तिने मनापासून म्हटलं. थर्मास ती नलिनीलाच देऊन आली.

पुढच्या हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी बाबांनी तिला पिशव्या धरायला बरोबर नेलं. वसाहतीच्या हाटात निम्मा कारखाना भेटतो. कोथिंबिरीच्या ढिगाशी त्यांच्या शॉपमधले एक सहकारी भेटले. रामराम झाला, पावसाचं झालं, आणि मग त्यांनी सुचेताकडे बघत ते विचारलंच, की ऐकलं बिटियाने नोकरी सोडली, अब आगे क्या?

सुचेताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाबांनी कोथिंबिरीची जुडी उचलली, मुळं तपासली, देठ तपासले. "देखकर बताता हूँ" ओठांपर्यंत आलेलं तिला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मान वर केली.

"पता नहीं," फोरमन देवस्थळे म्हणाले.

सहकाऱ्यांनी ऐकू आलं नसल्यासारखं पुन्हा विचारलं, "क्या?"

"पता नहीं, भाई. उसको भी नहीं पता." आणि ते भाजीवाल्याकडे वळले, की मिरच्या वर टाकणार असशील तर दोन जुड्या घेतो.

घरी येताना ते काही बोलले नाहीत. पण तो अबोला नव्हता. वळणावर, सरदारजींच्या कुंपणाशी, त्यांनी पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि एक कोवळा दुधी तोडून पिशवीत टाकला.

"आजचं विचारायचं राहिलंय माझं," ते म्हणाले. "विचारू?"

"विचारा."

"पुढे काय?"

"दुधीचा हलवा," सुचेता म्हणाली.